टार्गेट टाइम घरीच ठेवून या

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची तयारी सुरू झाली की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "टार्गेट काय तुझं?" कुणी सहा तास सांगतं, कुणी साडेसहा. माझं मत विचाराल तर शर्यतीच्या दिवशी हा आकडा डोक्यात घेऊन उतरणं म्हणजे खिशात दगड भरून पोहणं.

१.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० सायकल, मग २१.१ धावायचं. मिरामारला पाण्यातून बाहेर येईपर्यंत सगळेच खूश असतात. खरी परीक्षा धावताना. ऊन चढलेलं, हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. ठोके चढत जातात, वेग उतरत जातो. पुण्यात थंडीतल्या पहाटे आरामात निघालेला पेस इथे निघत नाही, त्याला जिद्द तरी काय करणार? पण गडी घड्याळ बघतो, हिशेब चुकला की आणखी रेटतो, पोट बिघडतं, ताकदीसाठी खाल्लेलं एनर्जी जेल उलटून पडतं. मग "आता काय उपयोग" म्हणत रस्त्याकडेला बसतो. कटऑफला, म्हणजे शर्यत संपवायच्या शेवटच्या मुदतीला, भरपूर वेळ असताना! मला खटकतं ते हेच.

मी धावायला लागलो की घड्याळावर फक्त ठोके ठेवतो. पुढचं एड स्टेशन, बस्स. तिथे मूठभर बर्फ टोपीत, एक ग्लास डोक्यावर, एक पोटात. बर्फ वितळून मानेवरून पाठीत उतरतो, तेवढा वेळ माणूस माणसात येतो. मग त्याच्या पुढचं स्टेशन.

यान फ्रोडेनो आठवा. २०१५ आणि २०१६ चा फुल आयर्नमॅनचा, म्हणजे याच्या दुप्पट अंतराच्या शर्यतीचा, विश्वविजेता. २०१७ मध्ये हवाईतल्या कोनाला त्याच जागतिक स्पर्धेत, शेवटच्या मॅरेथॉनमध्ये त्याची पाठ धरली. जिंकणं तिथेच संपलं. गाडीत बसून परत गेला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण चालत, थांबत सव्वानऊ तासांत आला की तो! (हो, त्याचे 'रडतखडत' सव्वानऊ. आपण फुल आयर्नमॅनला कटऑफचे सतरा तास पुरवून पुरवून वापरतो.)

"मग वेळ बघायचीच नाही का?" बघा ना, कटऑफपुरती. आणि तयारीत तर आकडा हवाच, नाहीतर पहाटे पाचला पांघरूण सुटत नाही.

एक मात्र कराच. घरच्यांना आधी बजावून ठेवा. ट्रॅकर ॲप बघून "अरे, मागे का पडलास?" असले मेसेज फिनिश लाइननंतर वाचायला अजिबात बरं वाटत नाही.