डीयूआय आणि पिस्तुलाचं परमिट: तो फॉरवर्ड कुठे कुठे गंडलाय

आमच्या डॅलसकडच्या मराठी ग्रुपवर गेल्या आठवड्यापासून एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवणं) झालं म्हणून पिस्तूल बाळगायचं परमिट नाकारू नये, कारण डीयूआय हा ट्रॅफिकचा गुन्हा, त्याचा बंदुकीशी काय संबंध, बंदुकीचा हक्क घटनेतला आहे, गाडी चालवणं हा काही हक्क नाही, माणसाने दंड भरला, शिक्षा भोगली, मग ही दुसरी शिक्षा कशाला, एका चुकीपायी जन्मभर हक्क जातो, आणि ज्याला बाळगायची तो परमिटशिवाय बाळगणारच. खाली धडाधड अंगठे. अंगठे देणाऱ्यांतले निम्मे एच-वन व्हिसावर, म्हणजे शिकारीच्या लायसनसारखे अपवाद सोडले तर त्यांना फेडरल कायद्याने बंदूक ठेवताच येत नाही, आणि डीयूआयमध्ये नुसती अटक झाली तरी कन्विक्शनच्या, म्हणजे दोषी ठरण्याच्या, आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. तरी अंगठे. असो.

आधीच सांगतो, मी बंदूकविरोधी वगैरे नाही. माझ्याकडे टेक्ससचं एलटीसी आहे, म्हणजे हँडगन जवळ बाळगायचं लायसन. त्याचा क्लास एका स्ट्रिप मॉलमध्ये होता, एका बाजूला डोनटचं दुकान, दुसऱ्या बाजूला नेल सलून. इन्स्ट्रक्टरने सुरुवातीलाच विचारलं, गेल्या पाच वर्षांत कोणाला क्लास ए किंवा बी मिसडिमीनर (म्हणजे कमी गंभीर फौजदारी गुन्हा) झालंय का, असेल तर पैसे परत घ्या आणि घरी जा. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या माणसाने हात वर केला. साडेतीन वर्षांपूर्वीचं डीडब्ल्यूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणंच, इथे त्याला असं म्हणतात. टेक्ससमध्ये पहिलं डीडब्ल्यूआय साधारण क्लास बी धरतात, तेवढ्यावर पाच वर्षं एलटीसी मिळत नाही. इन्स्ट्रक्टर म्हणाला, दीड वर्षाने ये, तेव्हा फी घेणार नाही. त्याच्याकडे मी परत येतो, आधी फॉरवर्ड.

"संबंध काय?" संबंध असा की डीयूआय ही गाडीची चूक नाहीये, ती दारू पोटात असताना घेतलेल्या निर्णयाची चूक आहे. जरा डोळ्यासमोर आणा, माणूस बारमधून उठतो, खिशात चावी चाचपतो, पार्किंगमध्ये आपली गाडी शोधतो, दार उघडतो, बेल्ट लावतो, गाडी सुरू करतो, आणि या सगळ्यात एकदाही त्याला वाटत नाही की थांबावं. दोन टनाचं लोखंड रस्त्यावर आणायला ज्याची बुद्धी आड आली नाही, ती कमरेच्या पिस्तुलाला नेमकी आड येईल असं कशावरून धरायचं? आणि पकडला गेला त्या रात्रीच तो पहिल्यांदा असा निघाला होता हे मला तरी कोणी सांगू नये, आपण सगळे पार्ट्यांना जातो, "अरे दोनच बिअर झाल्यात, काही होत नाही" म्हणणारे काका दर वेळी तेच असतात. टेक्ससच्या कायद्यालाही दारू आणि बंदूक एकत्र नको आहेत. बारच्या दारावर ती लाल ५१% ची पाटी बघितलीय ना? ज्या जागेचं ५१% किंवा जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूवर आहे तिथे लायसनवाल्यानेही पिस्तूल न्यायचं नाही, मग तो नुसता कोक पीत बसलेला का असेना.

हे नुसतं माझं मत नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात हँडगन विकत घेतलेल्या सुमारे ७९ हजार लोकांचा २०१३ पर्यंत माग काढला गेला, तो अभ्यास २०१९ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधी फक्त डीयूआयचं कन्विक्शन होतं, बाकी रेकॉर्ड स्वच्छ, अशांना पुढे खून, बलात्कार, दरोडा, गंभीर मारहाण यांत अटक होण्याचा धोका काहीच रेकॉर्ड नसलेल्यांच्या २.६ पट निघाला. डीयूआयवाला प्रत्येक माणूस हिंसक असतो असा याचा अर्थ अजिबात नाही, बहुतेकांना पुढे अशी अटक झालीच नाही. पण "काय संबंध" म्हणणाऱ्याने २.६ चं उत्तर द्यायला हवं. आणि नुसता ट्रॅफिकचा गुन्हा म्हणजे काय हो, २०२२ साली अमेरिकेत दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या अपघातांत १३,५२४ माणसं गेली. न्यू जर्सीत खरोखरच डीडब्ल्यूआय फौजदारी गुन्ह्यात मोडत नाही, ट्रॅफिकमध्येच मोडतं, तिथल्या एडिसनवाल्यांना माहीत असेल. पण कायद्याने कुठल्या फाइलीत ठेवलं त्यावरून गेलेली माणसं परत येत नाहीत.

घटनेचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर जरा थांबूया. सेकंड अमेंडमेंट, म्हणजे बंदुकीचा हक्क देणारी घटनादुरुस्ती, आहेच. पण सुप्रीम कोर्टाच्या ज्या २००८ च्या हेलर निकालाने हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे असं ठरवलं त्याच निकालात जस्टिस स्कालियांनी लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही. त्याच कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने घराबाहेर हँडगन नेण्याचा हक्क मान्य केला, पण बॅकग्राउंड चेक आणि ट्रेनिंग मागणाऱ्या साध्या परमिट पद्धतीला हात लावला नाही. २०२४ मध्ये तिथेच रहीमी केसमध्ये आठ विरुद्ध एक असं ठरलं की ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाला दिसलंय त्याची बंदूक तात्पुरती काढून घेता येते. तो एक विरोध जस्टिस थॉमस यांचा, ब्रूएन लिहिणारे तेच.

आता ब्रूएननंतर बंदुकीवरच्या कुठल्याही बंदीला इतिहासात दाखला दाखवावा लागतो, तर दाखले आहेत. व्हर्जिनियात १६५५ मध्ये दारूच्या बैठकीत बंदूक उडवली तर शंभर पौंड तंबाखू दंड होता, लग्न आणि मयत सोडून (लग्नाचं समजू शकतो). कॅन्ससमध्ये १८६७ ला नशेत पिस्तूल बाळगण्यावर बंदी आली. पण इथे प्रामाणिक राहायचं तर व्हर्जिनियाच्या कायद्यामागे दारूगोळा वाचवणं आणि धोक्याच्या इशाऱ्यात गोंधळ न होणं हे कारण होतं, आणि कॅन्ससचा कायदा त्या क्षणी नशेत असलेल्याबद्दल होता, तीन वर्षांपूर्वी प्यायला होता आणि आज शुद्धीत आहे त्याच्याबद्दल नाही. फॉरवर्डवाल्याने हा मुद्दा मांडला असता तर मला घाम फुटला असता. माझं उत्तर एवढंच की म्हणूनच बंदी मुदतीची हवी आणि ती बाहेर बाळगण्यापुरती हवी, घरातल्या बंदुकीला हात न लावता.

"दुसरी शिक्षा" हा मुद्दा मला सगळ्यात पोकळ वाटतो. टेक्ससमध्ये चाइल्ड सपोर्ट थकला तरी एलटीसी मिळत नाही, टॅक्स थकला तरी मिळत नाही. त्यावर कधी फॉरवर्ड आला का? परमिट देताना अर्जदाराची पात्रता बघतात, त्याला शिक्षा म्हणत नाहीत. डीयूआयनंतर इन्शुरन्स वाढतो त्याला कोणी तिसरी शिक्षा म्हणत नाही, नुसती कुरकुर करतात.

"जन्मभर" मात्र अर्धं खोटं आहे, आणि म्हणजेच अर्धं खरं. बहुतेक ठिकाणी मुदत आहे. व्हर्जिनियात तीन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये डीडब्ल्यूआय मिसडिमीनरला पाच, फ्लोरिडात तर तीन वर्षांत दोन कन्विक्शन झाली तरच अडतं. टेक्ससचं पाच वर्षांचं सांगितलंच, फक्त दहा वर्षांत दोनदा झालं तर दारूवर अवलंबून असलेला माणूस धरतात. पण पेनसिल्व्हेनियात वेगळीच गंमत आहे. तिथे रक्तातलं अल्कोहोल खूप जास्त असताना दुसरं डीयूआय झालं तर तो पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणारा गुन्हा ठरतो. नाव त्याचं मिसडिमीनरच, पण फेडरल कायदा राज्याच्या मिसडिमीनरला फक्त दोन वर्षांपर्यंतच सूट देतो, त्यामुळे बंदूक जाते ती घरातलीसुद्धा जाते, आणि मुदत नाही. तिथल्या एका माणसाला २००२ आणि २००५ मध्ये पकडलं होतं, दुसऱ्या वेळी रक्तातलं अल्कोहोल ०.१९२ टक्के भरलं, मर्यादा ०.०८ ची. प्रत्यक्षात जेल झाली नव्वद दिवस, तीही दिवसा कामावर जायची सोय ठेवून. तो कोर्टात गेला, खाली जिंकला, २०२० मध्ये थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टात दोन विरुद्ध एक हरला. पंधरा वर्षांनी! हे मला पटत नाही, कुठल्याही बाजूने बघितलं तरी नाही. पण यावरचा उपाय पेनसिल्व्हेनियातली ती कायमची बंदी मुदतीवर आणणं हा आहे, व्हर्जिनियाची तीन वर्षं काढून टाकणं हा नाही. फॉरवर्ड एक दाखवून दुसरंच मागतोय.

शेवटचा मुद्दा, परमिटशिवाय बाळगणारच. इथे टेक्ससपुरतं तो बरोबर आहे, आणि कसा ते त्यालाही माहीत नसावं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या माणसाला लायसनशिवाय हँडगन नेता येते. त्यात गेल्या पाच वर्षांत काही ठरावीक मिसडिमीनर झालेल्यांना मनाई आहे, मारहाण आहे, धमकी आहे, आणि डीडब्ल्यूआय त्या यादीतच नाही. नशेत असताना बाहेर घेऊन फिरलं तर गुन्हा आहे, पण ते घडल्यावर. म्हणजे चौकशी, क्लास, नेमबाजीची परीक्षा देऊन रीतसर लायसन मागायला येणाऱ्याला पाच वर्षं थांबा म्हणायचं, आणि काहीच न मागणाऱ्याला काहीच विचारायचं नाही.

क्लासमधला तो माणूस पैसे परत घेऊन उठला, इन्स्ट्रक्टरशी हात मिळवला, दार उघडून पार्किंगकडे गेला. शर्ट जरा वर सरकला होता, कमरेला होल्स्टर आणि त्यात पिस्तूल होतं, आणि ते पूर्ण कायदेशीर होतं.