डिस्टिल्ड वॉटर, कोबीचा रस आणि पीएच पट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नैसर्गिक दर्शकांवरच्या, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंग बदलून सांगणाऱ्या पदार्थांवरच्या, लेखावर तुम्ही मन लावून लिहिलंत, स्वतः चाचणी करून पाहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: लाल कोबी, जास्वंद, हळद हे शाळेतल्या प्रयोगापुरतं ठीक आहे, पण त्यातून आकडा मिळत नाही; ज्याला खरोखर मोजायचंय त्याने बाजारातली पीएच पट्टी घ्यावी. (पीएच म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी.) पुरावा म्हणून तुम्ही दोन निरीक्षणं दिलीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पट्टीने ५ आणि ६ च्या मधला रंग दाखवला, कोबीच्या रसाने जांभळा, म्हणजे जवळजवळ उदासीन. आणि दोन दिवस ठेवलेल्या रसाने धुण्याच्या सोड्यात ताज्या रसापेक्षा वेगळा रंग दिला.

पहिलं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. पण त्यावरून ‘पट्टी बरोबर, कोबी चूक’ असं ठरत नाही.

उघड्यावर ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि पीएच ५.६ च्या आसपास उतरतो. म्हणजे पट्टीचं उत्तर अपेक्षित आकड्याच्या जवळ आहे, हे खरं. पण त्या पाण्यात आम्ल आहे तरी किती? हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिटरमागे साधारण २.५ मायक्रोमोल, म्हणजे नगण्य. कोबीच्या रसात मात्र स्वतःची सेंद्रिय आम्लं आणि क्षार भरपूर असतात. तो रस अशा पाण्यात ओतला की मिश्रणाचा पीएच रसच ठरवतो. तुम्हाला दिसलेला जांभळा रंग पाण्याचा नव्हताच, तो रसाचा स्वतःचा होता. पट्टीवरचे रंगही दुबळी आम्लं किंवा आम्लारीच असतात, त्यामुळे तोच दोष कमी प्रमाणात तिथेही असतो. एवढंच काय, काचेच्या इलेक्ट्रोडचं पीएच मीटरही अशा पाण्यात लवकर स्थिरावत नाही, कारण आयन फार थोडे. हीच तुलना व्हिनेगरवर करा. तिथे रस गुलाबी-लाल होईल आणि पट्टी ३ च्या आसपास जाईल. दोघांचं एकमत होईल, कारण दर्शकाच्या दोन-चार थेंबांनी हलणार नाही इतकं आम्ल तिथे असतं.

‘नैसर्गिक’ आणि ‘बाजारातलं’ अशी रेघ ओढणंही मला पटत नाही. लिटमस लायकेनपासून, म्हणजे दगडफुलासारख्या वनस्पतीसदृश सजीवापासून, काढतात. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने १६६४ साली ज्या रंगबदलाचं वर्णन केलं, तो व्हायोलेटच्या फुलांच्या पाकातला होता. खरी रेघ दुसरीकडे आहे: कुठला रंग पीएचच्या कुठल्या पट्ट्यात बदलतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये, ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ मध्ये, फिनॉल्फथॅलीन ८.३ ते १०.० मध्ये. त्या पट्ट्याबाहेर दर्शक जवळजवळ आंधळाच असतो. फिनॉल्फथॅलीन रंगहीन राहिलं म्हणून द्रावण आम्लधर्मी ठरत नाही, पीएच ८.३ च्या खाली आहे एवढंच कळतं. हळदीचंही तसंच: शुद्ध पाणी आणि व्हिनेगर, दोन्हींत ती पिवळीच. शिवाय हळदीचा कागद बोरिक आम्लात बुडवून वाळवला तर तो लालसर होतो, आणि बोरिक आम्ल तर आम्ल आहे! तिथे तिने पीएच सांगितलेला नसतो. हळदीतलं रंगद्रव्य करक्युमिन आणि बोरॉन यांचं लाल संयुग तयार झालेलं असतं. अशा जागा माहीत असणं हेच दर्शक वापरण्याचं खरं कौशल्य. तुमच्या पट्टीत बहुधा असेच चार-पाच रंग मिसळलेले असतात, जेणेकरून एकाचा पट्टा संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा.

आता आकड्याविषयी, कारण तुमचा सगळा भर तिथे आहे. दोन चंचुपात्रं घ्या, दोन्हींत पीएच ३. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. उत्तम मीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवेल. पण दुसऱ्याचं उदासिनीकरण करायला पहिल्याच्या पन्नासपटीहून जास्त अल्क लागेल, कारण अॅसिटिक आम्लाचे बहुतेक रेणू विघटित न होता तसेच शिल्लक असतात. हा फरक त्या आकड्यातून कळत नाही. ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, तोटीच्या काचनळीतून) सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्क सोडत गेलात आणि फिनॉल्फथॅलीन गुलाबी झालं की कळतो. व्हिनेगरमध्ये आम्ल किती, असा प्रश्न असेल तर आकडा न दाखवणारा हा दर्शक मीटरच्या एका वाचनापेक्षा जास्त सांगतो. तिथे मिथिल ऑरेंज घेतलं तर मात्र रंग फार आधीच बदलेल, कारण समतुल्यबिंदू, म्हणजे सगळं आम्ल नेमकं संपतं ती जागा, पीएच साडेआठच्या पुढे असतो.

रस जुना झाल्यावर रंग बदलला, ही तक्रार रास्त आहे. कोबीतलं रंगद्रव्य अँथोसायानिन उष्णता, उजेड आणि ऑक्सिजन यांनी बिघडतं. धुण्याच्या सोड्यासारख्या तीव्र आम्लारीत तर त्याच्या रेणूतलं अणूंचं वलयच उघडतं आणि पिवळा पदार्थ बनतो. आधी दिसणारा हिरवा म्हणजे निळा आणि हा पिवळा यांचं मिश्रण. थोड्या वेळाने तो पिवळ्याकडे सरकतो आणि नंतर आम्ल घातलं तरी मूळ गुलाबी पुरता परतत नाही. म्हणून रंग मिसळल्यावर लगेच पाहायचा, आणि रस ताजा नाहीतर गोठवलेला वापरायचा.

या रसातून आकडा हवाच असेल तर छापील रंगतक्ता बाजूला ठेवा. पीएच माहीत असलेली बफर द्रावणं (ज्यांचा पीएच सहज हलत नाही अशी) घेऊन त्याच रसाची त्याच दिवशी ओळ लावा, प्रत्येक नळीत रसाचे थेंब सारखे, आणि नमुन्याची नळी तिच्या शेजारी धरा. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सॉरेनसेनने १९०९ साली पीएचची मोजपट्टी मांडली तेव्हा इलेक्ट्रोडच्या जोडीने अशी रंगांची तुलनाही वापरली होती. कोबीच्या रसाने या रीतीने एका एककापर्यंत अंदाज येतो. एका एककाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट, हे विसरू नका. दशांशापर्यंत हवं असेल तर दोन बफरांनी जुळवलेलं मीटरच घ्या. तिथे रस चालणार नाही, आणि तुमची पट्टीही नाही.