पग रेस्क्यू थांबवताना

पुण्यात आम्ही काही स्वयंसेवक मिळून पग जातीच्या कुत्र्यांसाठी जे बचावकार्य चालवत होतो, ते आता थांबवत आहोत. हे कळल्यावर काहींनी निधी उभा करून देण्याची तयारी दाखवली, आणि 'तुम्हीच थांबलात तर या मुक्या जिवांनी जायचे कुठे?' हा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येकाने विचारला. प्रश्न कळवळ्यातून आलेला आहे, परंतु तो आम्हाला विचारण्याआधी ज्यांना विचारायला हवा ते नेहमीच नामानिराळे राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे निमूटपणे चालणारा पग घरोघरी दिसला आणि या पिल्लांची मागणी एकदम वाढली. चपट्या तोंडाबरोबर अरुंद नाकपुड्या आणि श्वासमार्गात येणारी लांब मऊ टाळू पदरी पडते, कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवत असल्यामुळे ज्याला धापही नीट टाकता येत नाही त्याच्यासाठी एप्रिल-मे महिन्यातील दुपार जिवावर बेतू शकते, बाहेर आलेल्या डोळ्यांना सहज जखम होते आणि नाकावरची वळी रोज कोरडी करावी लागते, हे पिल्लू विकताना कोणी सांगत नसे. पग साधारणपणे बारा ते पंधरा वर्षे जगतो. हौस बहुधा त्याच्या निम्म्या वयापर्यंतही टिकत नाही. मग आम्हाला फोन येत. बदली, घरात येणारे बाळ, सोसायटीतील तक्रारी अशी कारणे सांगितली जात. डोळ्यांचे औषध आणि व्हेटचे बिल हे खरे कारण क्वचितच उच्चारले जाई.

दुसरा प्रकार अधिक क्लेशदायक होता. सड लोंबलेली, अंगावर गोचिडांचा थर असलेली, कधीच पट्टा न घातलेली एखादी मादी 'रस्त्यावर सापडली' असे सांगून आणून दिली जाई. पैदाशीबाबतचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात की मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करू नये, वर्षातून एकाहून अधिक वेत घेऊ नये, आयुष्यात पाचाहून अधिक घेऊ नयेत आणि वयाच्या आठव्या वर्षानंतर थांबावे. त्या मादीकडे पाहिल्यावर यातले काय पाळले गेले असेल, हे विचारण्याची गरज पडत नसे. आम्ही फार खोलात शिरतही नसू, कारण उलटतपासणी केली तर पुढची मादी खरोखरच रस्त्यावर सोडली जाईल, ही धास्ती असे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! व्हेटची साधी तपासणी फीसुद्धा त्याहून जास्त असते.

या सगळ्यामुळे आमच्यासारखे गट नकळत या धंद्याचे फुकट गोदाम बनतात. नफा विकणाऱ्याचा, हौस घेणाऱ्याची, आणि उरलेले आयुष्य स्वयंसेवकांच्या घरात. आम्ही हे काम केले त्याचा मला खेद नाही, परंतु ते अनंतकाळ चालावे ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते.

पैशांचे म्हणाल, तर फोटो हेलावून टाकणारा असला की शस्त्रक्रियेसाठी पैसे जमतात. त्याच कुत्र्याच्या दहाव्या महिन्यातील डोळ्यांच्या थेंबांसाठी जमत नाहीत. तरीही खरी चणचण फोस्टर घरांची, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत कुत्र्याला तात्पुरते सांभाळणाऱ्या घरांची होती. फोस्टर म्हणून घेतलेला पग कोणी स्वतःच ठेवून घेतला की आम्ही पेढे खात असू आणि मनातल्या मनात एक घर कमी झाल्याची नोंद करत असू. जुन्या सभासदांच्या घरी वृद्ध आईवडील आले, काही जण परदेशी गेले, आणि नव्या मंडळींना घरभेटीपेक्षा रील करण्यात अधिक रस होता (सगळ्यांना नव्हे, हे मान्य).

थांबवायचे ठरल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे नवे कुत्रे घेणे बंद केले. हे लिहायला सोपे आहे. 'फक्त हा एकच घ्या' असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे अतिशय जड जाते. पण आवक चालू ठेवून कोणतेही बचावकार्य आटोपता येत नाही, ते फक्त कोलमडते, आणि मग कुत्रे मिळेल त्याच्या हवाली होतात. शहराबाहेर शेत असलेल्या एका सद्गृहस्थांनी उरलेले सर्व पग 'मोकळ्या हवेत' ठेवून घेण्याची तयारी दाखवली होती. ज्या पट्ट्यात बिबट्या रात्री अंगणात येतो, तिथे पंख्याखाली झोपणारा आणि एका डोळ्याने पाहणारा पग किती दिवस मोकळी हवा खाईल, हा विचार करून आम्ही नम्रपणे नकार दिला. ते वृद्ध पग आता आहेत त्याच फोस्टर घरी कायमचे राहतील.

आमची संस्था नोंदणीकृत असल्यामुळे, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार, देणी भागवल्यावर उरलेली रक्कम सभासदांमध्ये वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जायला हवी. म्हणून विसर्जनाआधी या वृद्ध कुत्र्यांच्या औषधपाण्याचा खर्च बाजूला काढला जात आहे. प्रत्येक दत्तक करारात आम्ही 'न जमल्यास कुत्रा केव्हाही आमच्याकडेच परत द्यावा' असे लिहून घेतले होते. संस्था विसर्जित झाली तरी तो शब्द आम्ही काही जणांनी वैयक्तिकरीत्या पाळायचे ठरवले आहे, त्यामुळे दत्तक घेतलेल्यांनी पूर्वीच्याच क्रमांकावर संपर्क करावा.

ज्यांना आपला पग आता द्यायचाच आहे, त्यांनी त्याला घर स्वतः शोधावे, माहिती लागल्यास आम्ही देऊ. मात्र जाहिरात टाकण्याआधी नसबंदी अवश्य करून घ्यावी, कारण नसबंदी न झालेली मादी फुकट मिळते म्हटल्यावर सर्वांत आधी फोन येतो तो पैदास करणाऱ्याचाच.