पाकीट उलटून वाचा: घरातल्या साठवणीबद्दल थोडे सविस्तर

घरात कोण काय खाणार याचा निम्मा निर्णय गॅस पेटवण्याच्या कितीतरी आधी, महिन्याच्या किराणा सामानाची यादी लिहितानाच झालेला असतो, असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळी शाळेतून आलेले मूल किंवा कामावरून दमून आलेला माणूस स्वयंपाकघरात शिरतो तेव्हा तो जीवनसत्त्वांचा विचार करत नसतो. हाताला जो डबा लागेल तो उघडतो. त्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे असतील तर ते खाल्ले जातात आणि क्रीमची बिस्किटे असतील तर ती संपतात. म्हणून आहाराची चर्चा ताटापासून नव्हे, तर फडताळापासून सुरू करावी, आणि पाकिटातून येणारी कोणतीही वस्तू तिच्या मागची बाजू वाचल्याशिवाय फडताळात ठेवू नये, हे सांगण्यासाठी आज एवढे लांबलचक लिहीत आहे.

विषय किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि त्यात सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. मधुमेहाची कारणे अनेक आहेत, आनुवंशिकता आहे, बैठे काम आहे. पण रोजच्या खाण्यातली जी साखर, जे मीठ आणि जे तेल आपण स्वतःच्या हाताने घालत नाही, तरीही खातो, त्यावर आपला ताबा राहिलेला नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. बरणीतून चमच्याने काढलेली साखर डोळ्यांना दिसते. बिस्किटातली, सॉसमधली, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरमधली साखर दिसत नाही; ती फक्त लेबलवर असते.

पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरात असते आणि मागची बाजू कायद्याने छापायला लावलेली माहिती असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे आपण ज्याला एफएसएसएआय म्हणतो त्या संस्थेच्या नियमांप्रमाणे घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त ते पहिले, जे सर्वांत कमी ते शेवटी. दुसऱ्या कशाकडे पाहायला वेळ नसेल तर निदान पहिले तीन घटक पाहावेत. हे लिहिताना माझ्यासमोर ‘मल्टिग्रेन’ असे ठसठशीत लिहिलेला बिस्किटांचा एक पुडा आहे. पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या, नाचणीचे कणीस आणि ओट्सचे दाणे यांचे सुरेख चित्र आहे. मागे पाहिले तर पहिला घटक मैदा, दुसरा साखर आणि तिसरा पामतेल. ज्या धान्यांचे चित्र पुढे मिरवले आहे ती यादीत बरीच खाली येतात आणि त्यांच्यापुढे कंसात एकेक, दोन-दोन टक्के असे आकडे आहेत. हे आकडे उत्पादकाने आपण होऊन दिलेले नाहीत; एखाद्या घटकाचा विशेष उल्लेख करून वस्तू विकायची असेल तर त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगावे लागते, असा नियम आहे. त्यामुळे नाचणी, बदाम, मध, तूप यांचे चित्र दिसले की मागे त्यांचा टक्का शोधण्याची सवय लावून घ्यावी. बहुतेक वेळा तो टक्का पाहून पुडा परत मांडणीवर ठेवावासा वाटतो.

साखर शोधताना अधिक सावध राहावे लागते, कारण ती अनेक नावांनी येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही सगळी साखरेचीच रूपे आहेत, आणि माल्टोडेक्स्ट्रिनला कायदा साखर म्हणत नसला तरी रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवते. एकच साखर तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि मैद्यानंतर काहीतरी पौष्टिक असल्याचा भास होतो. गूळ आणि मध यांच्याबद्दल आपल्याकडे फार माया आहे, मलाही ती आहे. पण मधुमेह असलेल्या माणसाने ‘गुळाची बिस्किटे’ निर्धास्तपणे खावीत असे काही नाही, कारण शरीराच्या हिशेबात गूळही साखरच असतो.

घटकांच्या यादीनंतर पोषणमूल्यांचा तक्ता येतो. त्यात दोन रकाने असतात, एक १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा आणि दुसरा ‘एका सर्व्हिंग’चा, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाचा. सर्व्हिंग किती ग्रॅमचे हे उत्पादक ठरवतो, आणि दोन बिस्किटांवर किंवा मूठभर चिवड्यावर थांबणारा माणूस मी तरी फारसा पाहिलेला नाही. म्हणून दोन वस्तूंची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यातच करावी. लेबलवरची टक्केवारी रोजच्या २,००० किलोकॅलरी आहारावर बेतलेली असते आणि त्यात अतिरिक्त साखर ५० ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या गोठवलेल्या तेलात असणारा, हृदयाला घातक स्निग्धांश) २ ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम अशी दिवसाची मोजमापे धरलेली असतात. यातली साखरेची ५० ग्रॅमची रेघ ही कमाल मर्यादा आहे, तेवढी खावी असा सल्ला नव्हे. जागतिक आरोग्य संघटना तर शक्य असेल तिथे त्याच्याही निम्म्यावर राहावे असे सांगते. बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर असेल आणि चहाबरोबर ४० ग्रॅम बिस्किटे पोटात गेली, तर १० ग्रॅम साखर झाली, म्हणजे सपाट भरलेले दोन चहाचे चमचे, आणि चहातली साखर वेगळीच.

मिठाचा हिशेब आपल्या घरांत साखरेपेक्षाही दुर्लक्षित आहे. लेबलवर मीठ नव्हे तर सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची. माझ्या सासूबाईंना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले तेव्हा भाजी-आमटीतले मीठ घरात तत्परतेने कमी झाले, पण जेवताना पापड, लोणचे आणि रात्री हलके म्हणून पाकिटातले सूप तसेच चालू राहिले. सुपाच्या पाकिटावरचा सोडियमचा आकडा आम्ही दोघींनी मिळून वाचला आणि त्याच आठवड्यात सूप घरी होऊ लागले. सोडियम फक्त मिठातून येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पापडखार, खाण्याचा सोडा, अजिनोमोटो, सोडियम बेंझोएट या सर्वांतून ते येते, त्यामुळे पदार्थ फारसा खारट लागला नाही म्हणून त्यात सोडियम कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र उगाच भीती पसरलेली आहे, ती म्हणजे यादीतले आयएनएस क्रमांक, म्हणजे पदार्थात घातलेले रंग, आम्ले, टिकवणारी द्रव्ये यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. क्रमांक दिसला की विष, असे व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगितले जाते. आयएनएस १०० म्हणजे हळदीतले कर्क्युमिन, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबात असते ते सायट्रिक आम्ल आणि ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याचा वर्ग. क्रमांकांना घाबरून पहिल्या तीन घटकांकडे दुर्लक्ष करणे हे खरे नुकसान आहे. हां, १५० हा कॅरॅमल रंगाचा क्रमांक ब्राउन ब्रेडवर दिसला आणि पहिला घटक मैदा असेल, तर तो ब्रेड गव्हामुळे नव्हे, रंगामुळे तपकिरी आहे एवढे समजावे.

दाव्यांच्या बाबतीतही नियम आहेत आणि ते माहीत असले तर दुकानात उभ्या उभ्या निर्णय घेता येतो. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. घन पदार्थाला ‘लो फॅट’ म्हणायचे तर स्निग्धांश ३ ग्रॅमपर्यंतच हवा. ‘हाय फायबर’ म्हणायचे तर तंतू निदान ६ ग्रॅम हवेत. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे लिहिलेले असते, ते खरेच आहे, पण त्यात त्या कंपनीचे कर्तृत्व काही नाही. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना दुधात घालायची पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्न कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये प्राधिकरणाने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला. आपल्या पिढीने ही दोन्ही पेये मुलांना प्रेमाने आणि विश्वासाने पाजली आहेत.

आता फडताळात ठेवायचे काय, हा माझ्या अधिक आवडीचा भाग. ज्या वस्तूवर घटकांची यादी एका शब्दाची असते, किंवा जिला यादीची गरजच नसते, अशा वस्तूंनी निदान तीन चतुर्थांश फडताळ भरलेले असावे, असे मी मानते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहू. तूर, मूग, मसूर या डाळी. मटकी, चवळी, हुलगे, वाटाणे ही कडधान्ये. पोहे, रवा, दलिया. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे. यातून आठवडाभराच्या न्याहारीची आणि मधल्या वेळच्या खाण्याची सोय होते. जवस, कारळे आणि लसूण यांच्या कोरड्या चटण्या करून ठेवल्या की सॉसची बाटली आपोआप मागे पडते. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घरात असेल तर घाईच्या संध्याकाळी दोन मिनिटांच्या नूडल्सची आठवण होत नाही. मेतकूट-भात व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्यांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. गोडा मसाला घरी भाजून डंकावर कुटून आणणे ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. ज्यांना जमत नाही त्यांनी बचत गटाचा घ्यावा, मात्र त्या पाकिटावरही एफएसएसएआयच्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाहावी.

साठवणीत प्रमाण आणि काळ सांभाळावा लागतो. वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत एकत्र कुटुंबाला आणि मोठ्या कोठीला शोभत होती. चार माणसांच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन महिन्यांचे धान्य पुरे. कडक ऊन दाखवणे, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे हे जुने उपाय आजही चोख काम करतात. बोरिक पावडर मी धान्याला लावत नाही आणि कोणी लावू नये असे वाटते. बाजरी दळून ठेवू नये, तिच्यातल्या स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडवट होते; आठवड्याला पुरेल एवढीच दळावी. शेंगदाण्यांत काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले दाणे दिसले तर ते भाजून वापरायचा मोह टाळावा, कारण त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष भाजण्याने पूर्णपणे जात नाही. तेलाचा मोठा डबा स्वस्त पडतो हे खरे, पण उघडलेले तेल हवा आणि उजेड लागून खवट होत जाते, म्हणून लहान कुटुंबाने एकेक लिटरच आणावे. मिश्र तेल घेत असाल तर कोणते तेल किती टक्के आहे हे लेबलवर पाहावे; पुढे चित्र एका तेलबियेचे आणि आत बहुतांश दुसरेच तेल, असे अनेकदा असते. आमच्याकडे माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल हे माप ठेवले आहे आणि सणासुदीचे महिने सोडले तर ते पाळता येते.

तारखांचे दोन प्रकार असतात. ‘बेस्ट बिफोर’ उलटून गेली म्हणजे चव आणि दर्जा उतरू लागतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटली की ती वस्तू खाऊ नये. बेकरीतली सुटी खारी, टोस्ट, नानकटाई यांवर मात्र कोणतेच लेबल नसते. तिथे वनस्पती तूप वापरले आहे का, हे विचारण्याचा हक्क आपण बजावावा. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, हे दुकानदारालाही माहीत असायला हवे.

माझी खरी तक्रार मात्र वाचणाऱ्यांबद्दल नसून छापणाऱ्यांबद्दल आणि नियम करणाऱ्यांबद्दल आहे. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायद्याचे समाधान होते. मराठी ऐच्छिक आहे. सोलापूर किंवा रत्नागिरीच्या गावात घराची यादी लिहिणारी बाई मराठी उत्तम वाचते, तिला पाकिटाच्या पुढचे मराठीतले घोषवाक्य मोठ्या अक्षरात मिळते, पण साखर आणि सोडियमचे आकडे तिला इंग्रजीत, चुरगळलेल्या चंदेरी कागदाच्या शिवणीजवळ, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत शोधावे लागतात. जी कंपनी मराठीत जाहिरात करू शकते तिला मराठीत घटक छापणे अशक्य नाही.

दुसरी मागणी पुढच्या बाजूवरच्या इशाऱ्याची. चिली या देशाने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा ऊष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. मेक्सिकोने २०२० मध्ये तोच मार्ग धरला. आपल्याकडे २०२२ मध्ये प्राधिकरणाने पदार्थ किती आरोग्यदायी हे पाकिटावर ताऱ्यांनी दाखवण्याचा मसुदा मांडला, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. मला तो पटत नाही, कारण त्यात थोडे तंतू किंवा थोडा सुकामेवा घालून साखरेचे उणे भरून काढता येते आणि साखरेने भरलेल्या पाकिटालाही दोन-अडीच तारे मिळू शकतात. तारा पाहिला की माणसाला बक्षीस दिसते. ‘साखर जास्त’ हे दोन शब्द मराठीत, काळ्या चौकटीत, किमतीच्या आकड्याएवढ्या अक्षरात छापले, तर आठवीतले मूलही ते पाकीट उचलताना विचार करील. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्या बाजूच्या लेबलचा प्रश्न तज्ज्ञ समितीकडून तीन महिन्यांत मार्गी लावण्यास सांगितले होते. या विषयावर प्राधिकरण जेव्हा जेव्हा लोकांच्या हरकती आणि सूचना मागवते, तेव्हा त्या कंपन्यांकडून भरभरून जातात आणि घरांतून फारच थोड्या. पुढच्या वेळी मी माझी सूचना मराठीत लिहून पाठवणार आहे आणि तिचा मसुदा इथेही टाकीन. ज्यांना पटेल त्यांनी तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत बदल करून जरूर पाठवावा.