फर्नांडेझ आणि फर्नांडिस
‘फर्नांडेझ आडनाव जिथे दिसेल तिथे स्पॅनिश पूर्वज असणारच’ हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर जनरल क्लाव्हेरिया यांनी फर्मान काढून लोकांना छापील यादीतून आडनावं वाटली, करवसुली आणि जनगणना सोपी व्हावी म्हणून. तिथे रक्ताच्या नात्याचा संबंध कुठे येतो?

आणि आमचं फर्नांडिस तर स्पॅनिशही नाही, पोर्तुगीज आहे! अर्थ तोच, फर्नांदोचा मुलगा. पण स्पॅनिशमध्ये शेवटी ‘झेड’, पोर्तुगीजमध्ये ‘एस’. वसईत माझ्या पूर्वजांना ते बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात सामवेदी ही वसईची बोली बोलली जाते, तरी ‘तुम्ही मूळचे युरोपातले का?’ हा प्रश्न मला आजही ऐकावा लागतो.