ज्यांनी औषध मारलं नाही, त्यांचं काय झालं?

आज संध्याकाळची बॅच सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. बारावीत आहे, क्लॅटच्या, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी गाव सोडून पुण्यात नातेवाइकांकडे राहते. हातात दुसऱ्या एका क्लासच्या मॉकची, म्हणजे सराव परीक्षेची, प्रिंट होती आणि डोळे भरून आले होते. म्हणाली, "मॅडम, मी विचारच चुकीचा करते का?"

तेव्हापासून डोकं तापलंय. जेवण झालं, भांडी झाली, तरी शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

प्रश्न मराठीत सांगते. एका शहरात हेल्मेटसक्ती झाली. पुढच्या वर्षभरात रस्त्यावरच्या अपघातांतले मृत्यू घटले. म्हणून हे मृत्यू हेल्मेटसक्तीमुळेच घटले. आता हा युक्तिवाद कमकुवत करणारं विधान निवडा. एक पर्याय असा: शहरातल्या अनेकांना हेल्मेट घालणं आवडत नाही. दुसरा असा: त्याच वर्षी शहराबाहेरचा वळणरस्ता सुरू झाला आणि जड वाहनं शहरातून जायची बंद झाली. उरलेले दोन सोडून द्या.

पोरीने वळणरस्ता निवडला. बरोबर निवडला. उत्तरतालिकेने तिला चूक ठरवलं, पाव मार्क कापला, आणि ग्रुपवर स्पष्टीकरण आलं की रस्ता होणं ही 'पॉझिटिव्ह' गोष्ट आहे, त्याने मृत्यू कमी होतात, म्हणजे हा ऑप्शन स्ट्रेंदन, म्हणजे युक्तिवाद बळकट, करतो. वीकनला, म्हणजे कमकुवत करायला, निगेटिव्ह वाक्य शोधायचं, तीस सेकंदांत उत्तर. वर त्याच ट्रिकची एक रील.

अहो, काय शिकवताय तुम्ही पोरांना?

मृत्यू घटले हे तर प्रश्नातच मान्य केलंय. ते कशामुळे घटले एवढाच वाद आहे. ट्रक शहरात यायचेच बंद झाले असतील तर ते श्रेय एकट्या हेल्मेटला कसं देणार? वाक्याचा सूर गोड आहे की कडू, याचा इथे काय संबंध? उलटं उदाहरण देते. समजा पर्याय असा असता: "त्या वर्षी पादचाऱ्यांचे मृत्यू मात्र अजिबात घटले नाहीत, जी घट झाली ती दुचाकीवरच्यांच्या डोक्याला मार लागून होणाऱ्या मृत्यूंत झाली." किती वाईट बातमी आहे, वाक्यात 'नाहीत' पण आहे. आणि हेच वाक्य हेल्मेटची बाजू पक्की करतं! कारण वळणरस्त्याने फरक पडला असता तर पायी चालणारेही वाचले असते.

(हेल्मेट घाला. मी रोज घालते. हा एक युक्तिवाद ढिला पडला म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. हाही फरक मुलांना सांगावा लागतो, आणि तो रीलमध्ये मावत नाही.)

आमच्या आबांनी हे कुठल्याही क्लासशिवाय केलं होतं. तासगावकडे आमची दीड एकर द्राक्षबाग. मी आठवीत होते. गावातला दुकानदार एक टॉनिक घेऊन आला होता, मणी फुगण्यासाठी, बाटली चांगली महाग. म्हणाला, गेल्या हंगामात ज्यांनी ज्यांनी मारलं त्यांचे घड बघा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ज्यांनी न्हाई मारलं, त्यांचं काय झालं?"

दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. उत्तर आबांकडेच होतं, कारण ते गाव ओळखून होते. ती महाग बाटली घेणारे कोण, तर ज्यांच्या विहिरीला फेब्रुवारीतही पाणी होतं, ज्यांना विरळणीला वेळेवर मजूर लावणं परवडत होतं. त्यांचे मणी टॉनिकशिवायही फुगले असते. तरी आबांनी बाटली आणली. सगळ्या बागेवर मारली आणि मधल्या दोन ओळी मुद्दाम सोडल्या. माती तीच, पाणी तेच, हात तेच. शेजारचे हसले. चुलते तर चिडलेच, दोन ओळींचं नुकसान कोण भरून देणार म्हणून. काढणीच्या वेळी आबांनी दोन्हीकडचे घड तराजूत घालून पाहिले. फरक नव्हता.

मी आज जे काही शिकवते ते त्या दोन ओळींतून आलंय. पुस्तकं नंतर वाचली.

आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला चक्क नाव आहे, उपाधी. धूर दिसला म्हणजे आग असणार, हे बरोबर. पण आग आहे म्हणजे धूर असणारच असं म्हणायला गेलात की तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो. आग आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, आपण हिशेबात न धरलेली गोष्ट. दुकानदाराच्या गोष्टीत विहिरीचं पाणी हे ओलं सरपण, आणि मॉकच्या प्रश्नात वळणरस्ता. ज्या भाषेत 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' असं साधी माणसं रोज बोलतात, त्या भाषेतल्या मुलांना आपण सांगतोय की निगेटिव्ह शब्द शोध आणि टिक कर. संताप होतो.

मान्य, परीक्षेत वेळ नसतो. 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकीला पाव मार्क वजा. त्यात हे लॉजिकलचे बावीस ते सव्वीस प्रश्न, तेही लांबलचक उताऱ्यांवरचे. काही खुणा डोळ्यांत बसलेल्या असाव्या लागतात, मीही त्या करून घेते.

पण मग खुणा तरी बरोबर द्या! 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' दिसलं की ऑप्शन उडवा, ही ट्रिक अनुमानाच्या प्रश्नांसाठी ठीक आहे. तिथे उताऱ्यात आहे त्यापेक्षा जास्त बोलणारं वाक्य धोक्याचं असतं. बळकट-कमकुवतच्या प्रश्नात पर्याय खरा धरूनच चालायचं असतं, 'इफ ट्रू', म्हणजे 'हे खरं असेल तर', असं लिहिलेलंच असतं. तिथे वाक्य जितकं ठाम, तितका त्याचा धक्का मोठा. म्हणजे एका जातीच्या प्रश्नाची खूण दुसऱ्या जातीला लावून तुम्ही पोरांकडून बरोबर उत्तरच खोडायला लावता. बँकेच्या परीक्षांमधला 'विधान आणि युक्तिवाद' हा प्रकार तर आणखी वेगळा. तिथे दिलेला मुद्दाच दमदार आहे का ते ठरवायचं असतं. हे सगळं एका पिशवीत कोंबून विकलं जातंय.

'इफ ट्रू'वर मुलं अडतात, तेही समजतं मला. "मॅडम, असं कुठं असतं का?" म्हणून पर्यायाशीच भांडत बसतात. त्यांना सांगते, परीक्षेत तो खरा धरा, आणि मग कारण आणि निष्कर्ष यांच्यामधली दोरी घट्ट होते की सैल, तेवढं बघा. खरंखोटं तपासायचं ते घरी, मोबाईलवर आलेले फॉरवर्ड वाचताना.

वर्गात मी दरवर्षी 1854 सालच्या लंडनची गोष्ट सांगते. सोहो भागात कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता, पाण्यातून येतो, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपातून. पंपाजवळची माणसं मेली एवढा एकच पुरावा त्याच्या कामाचा नव्हता, कारण हवावाले म्हणाले असते, हवा तीच होती! मग त्याला दोन गोष्टी सापडल्या. त्याच रस्त्यावर बीअर बनवण्याचा कारखाना होता, आणि तिथल्या कामगारांमधलं कॉलऱ्याने कुणी दगावलं नव्हतं. ते बीअर प्यायचे, आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. आणि तिकडे लांब हॅम्पस्टेडला एक म्हातारी विधवा मेली, जिच्या आसपास कॉलऱ्याचं नाव नव्हतं. तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते रोज घरी मागवायची. हवा तीच पण पाणी नाही, तर माणूस जगला. हवा वेगळी पण पाणी तेच, तर माणूस गेला. या आबांच्या दोन ओळीच आहेत! दरवर्षी इथे माझ्या अंगावर काटा येतो आणि वर्गात कुणीतरी "आई शप्पथ" म्हणतंच.

आणि यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ ओसरली. लोक अजून सांगतात की दांडा काढला म्हणून साथ थांबली. पण स्नोने स्वतःच लिहून ठेवलं की दांडा काढण्याआधीच रोगी पुष्कळ कमी झाले होते, त्यामुळे दांड्याने किती फरक पडला ते ठरवता येत नाही. आपल्याच फायद्याचा युक्तिवाद माणसाने आपल्याच हाताने ढिला करून ठेवला. मला मुलांकडून हे हवंय. मार्क त्यामागून येतील, नाही आले तरी मी यावरून हटणार नाही.

त्या मुलीकडे परत येते. ती विचार मराठीत करते आणि पेपर फक्त इंग्रजीत असतो. 'अनलेस' आणि 'ओन्ली इफ' आलं की तिचं गाडं अडतं, तिला उलटं वाटत राहतं. तरी तिने तो वळणरस्ता पकडला. गावाबाहेरून रस्ता गेल्यावर चौकातले अपघात कमी झालेले तिने स्वतः पाहिलेत, असं म्हणाली. म्हणजे आबांसारखंच, गाव ओळखून उत्तर काढलं. आणि तिला सांगितलं गेलं की तू जास्त विचार करतेस. 'जास्त विचार करतेस' हे वाक्य आपल्याकडे मुलींनाच किती वेळा ऐकवलं जातं, ते माझ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

मी त्या क्लासला मेसेज टाकलाय. उत्तर आलंय, "आमच्या पद्धतीने इतकी मुलं सिलेक्ट झाली आहेत." मी विचारलं, त्याच पद्धतीने शिकून किती राहिली? आणि ज्यांनी तुमचा क्लासच लावला नाही, त्यांच्यातली किती लागली? निळी टिक आहे. उत्तर नाही.

हे लिहितानाच आबांचं शेवटचं वर्ष आठवलं. आजार असा होता की डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज कुणीतरी यायचं, अमक्याला या काढ्याने गुण आला, तमक्याला त्या बाबांच्या पुडीने. मी, वर्गात एवढं सगळं शिकवणारी, ते पत्ते लिहून घेत होते. एकदा रात्री मी त्यांना म्हटलं, आबा, त्या इस्लामपूरच्या माणसाला खरंच गुण आलाय हो. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "ज्याला गुण येत न्हाई, त्यो सांगायला येत न्हाई, पोरी." मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी काढा आणला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला, दोन महिने घेतला. माझ्यासाठी घेतला हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून जी माणसं दवाखान्याच्या पायरीवर बसून कुणाच्याही शब्दाला धरून असतात, त्यांच्यावर मी कधीच रागावत नाही. माझा राग आहे तो त्यांना बाटली विकणाऱ्यावर, आणि पोरांना ट्रिक विकणाऱ्यावर.

तिला उद्या सकाळी सातला बोलावलंय, बॅचच्या आधी. तो पूर्ण मॉक दोघी मिळून पुन्हा तपासणार आहोत.

आणि तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या शेतात, दुकानात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'हे केलं म्हणून ते झालं' असं कुणी छातीठोकपणे सांगितलेलं आणि पुढे भलतंच कारण निघालेलं काही आठवत असेल तर खाली लिहा. मराठीतच लिहा. नावं गाळा. मी त्यांचे प्रश्न बनवून मुलांना देईन, आणि उत्तरतालिका टाकण्याआधी तिला दाखवीन.