‘होणार नाही’ खालच्या ओळीत

आठवीतल्या पोरीला गणिताची ऑनलाइन शिकवणी लावली आणि माझ्या डोक्याचं पार भजं झालं. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी 6. जूनपासून वेळ एकदाही बदललेली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलीय, पोरीला पाठ आहे, तिच्या आजीलाही पाठ आहे. तरी एका तासामागं पाच मेसेज! आदल्या दिवशी एक, सकाळी एक, तासभर आधी एक, दहा मिनिटं आधी एक, आणि "तास सुरू झाला आहे" म्हणून वर आणखी एक. अहो, लग्नात मुहूर्त टळत आला तरी भटजी एवढ्या हाका मारत नाहीत.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. ट्रकमधल्या मालासाठी ऑनलाइन काढायच्या ई-वे बिलाचा ओटीपी माझ्याच नंबरवर येतो. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, हाताला हळद, फोन वाजला म्हणून शर्टाला बोटं पुसून बघावं तर काय? "प्रिय पालक".

अडतीवरच्या एका पोरानं सांगितलं, 1909 ला ‘स्टार्ट 0’ असा एसएमएस पाठवा, जाहिराती बंद होतात. पाठवलं. प्लॉटवाले, कर्जवाले गप्प झाले. हे नाही झाले. कारण पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘पी’ असेल तर ती जाहिरात, ती अडते. यांच्या शेवटी ‘एस’, म्हणजे सर्व्हिस. सेवा करतायत आमची!

मग ॲप उघडलं. प्रोफाइल, त्यात पालक, त्यात संपर्क, आणि तिथं पार तळाला एकच बटण. एसएमएस चालू, नाहीतर बंद. बंद केलं की तास रद्द झाल्याचा मेसेजही बंद. म्हणून चालूच ठेवलं, शहाणपणा केला.

तर गेल्या गुरुवारी पावणेसहाला फोन वाजला. बंद स्क्रीनवर एकच ओळ दिसते: "प्रिय पालक, आपल्या पाल्याचा गणिताचा तास आज सायं. 6 वाजता". नेहमीचंच, म्हणून फोन खिशात टाकला. पोर कबड्डीचा सराव अर्धवट सोडून पळत घरी आली, गुडघ्याची माती न धुता वही उघडून बसली. साडेसहापर्यंत स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. रात्री मी मेसेज उघडला. खालच्या ओळीत "होणार नाही".

मराठीत क्रियापद शेवटी येतं हे तिथं कुणाला ठाऊक नाही काय? ‘रद्द’ हा शब्द सुरुवातीला टाकायला काय पैसे पडतात? तक्रार केली तर म्हणे, "साहेब, अलर्ट तर वेळेवर गेलेला आहे." म्हणजे चूक माझी. वर त्या तक्रारीची पोच म्हणून दोन मेसेज आले ते वेगळेच.

मला दोन बटणं द्या हो. आठवणीचं एक, बदलाचं एक. पहिलं मी बंद करतो, दुसरं जन्मभर चालू ठेवतो. फी तिमाहीची आगाऊ घेता, तेवढं तरी करा.

तोवर मी एसएमएस बंद करून टाकलाय. मिरजेची एक मैत्रीण पोरीच्याच बॅचला आहे, पोर साडेपाचला तिला फोन करून विचारते, आज तास आहे का गं? तिचे वडील अजून सगळे मेसेज उघडून शेवटपर्यंत वाचतात. त्यांनी बंद केले की आमचं अवघड आहे.